चौसष्ट के आणि उजवा कौल

माझ्या हातून आयुष्यात एकच काम अगदी मनासारखं झालं, ते म्हणजे एका माणसाचं वाटोळं. त्यात माझा हात होता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरात मला अबोल म्हणतात. ते मला सोयीचं पडलं, कारण अबोल माणसाला कुणी फारसं खोदून विचारत नाही. आता पन्नाशी उलटली. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांना एक खोटं सांगितलं होतं, ते तसंच त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हा निदान कागदावर तरी खरं उतरवतो.

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये माझ्या वर्गमित्राने संगणक केंद्र काढलं होतं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचं घर वरच्या गावातलं, मानाचं, शिमग्याची पालखी पहिली ज्यांच्या अंगणात येते तसलं. माझे वडील पूर्णगडच्या खाडीकाठी होड्या बांधणारे सुतार. तेव्हा पुढे तो मालक झाला आणि मी त्याच्याकडे नोकरीला लागलो, यात कुणालाच नवल वाटलं नाही. दोघेच असलो की अरेतुरे. तिसरं माणूस आलं की मी त्याला साहेब म्हणायचं, हे त्यानेच ठरवून दिलं होतं.

केंद्र म्हणजे एक टू-एट्टी-सिक्स मशीन, खरखर करणारा एक प्रिंटर, कोंबड्यांच्या खुराड्याएवढा स्टॅबिलायझर आणि एक लोखंडी कपाट. कपाटात साठचा बल्ब चोवीस तास जळता ठेवावा लागे. नाहीतर पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरायची, पापडावर धरते तशी. चपला बाहेर काढून आत यायचं. देवळात आणि आमच्याकडे, असं तो आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचा.

तिथे मी दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला. मासेमारीच्या लाँचची लांबी, रुंदी, भार दिला की बुडाचा आकार काढायचा, ती किती कलली तर उलटेल ते सांगायचं आणि बरगडी बरगडीचं माप छापून द्यायचं. आकडे माझ्या डोक्यातून आले नव्हते. दर रविवारी एसटीने पूर्णगडला जायचो आणि वडिलांनी आजवर बांधलेल्या, खाडीत ओढून ठेवलेल्या होड्या ओळंबा आणि गाठी मारलेली दोरी घेऊन मोजायचो. वडिलांनी जन्मात कागदावर होडी काढली नव्हती. डोळ्याने बघायचे, हाताने चाचपायचे आणि कानावरची पेन्सिल काढून फळीवर एक रेघ मारायचे. ती रेघ कधी चुकली नाही. त्यांच्या चाळीस वर्षांच्या रेघा मी त्या प्रोग्रॅममध्ये भरल्या.

तो पुरा झाला तेव्हा मच्छीमारांच्या एका सोसायटीची माणसं बघायला आली. त्यांना सभासदांसाठी नव्या लाँच बांधायच्या होत्या, दहा वेगवेगळ्या मापांच्या. नारळी पौर्णिमेच्या आत दहाच्या दहा नकाशे तयार करून दाखवाल, तर सगळं काम तुमचं, असं ते म्हणाले. मी वडिलांना मुद्दाम बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते मागच्या बाकावर बसले होते.

मशीन सुरू झालं. पडद्यावर पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आलं. आदल्या दिवशीपर्यंत तिथे ते नव्हतं. सोसायटीच्या चेअरमननी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? तो हसून म्हणाला, "हा मशीन पुसतो, फ्लॉप्या वाळवतो. डोकं बेताचं, पण प्रामाणिक आहे."

तेवढ्यात मागून वडील उठले. पडद्यावरच्या आकृतीकडे त्यांनी लांबूनच डोळे बारीक करून बघितलं होतं.

"मधल्या बरगडीला एक बोट कमी हाय," ते म्हणाले.

हे माझे वडील आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आमच्या घरी येऊन त्याने त्यांच्या हातची शहाळी प्यायली होती. तरी तो म्हणाला, "आजोबा, हा कॉम्प्युटर आहे. इथे बोटांनी मोजत नाहीत."

सगळे हसले. वडीलही हसले, कारण सगळे हसत होते. ते हसणं मी अजून विसरलो नाही. माणसं गेल्यावर मी वही काढून आकडा पडताळला. टाइप करताना माझ्याकडून खरंच एक आकडा चुकला होता. बरोबर एका बोटाचा फरक. मी तो दुरुस्त केला नाही. त्या दिवसापासून त्या प्रोग्रॅमचं भलं व्हावं असं मला वाटेनासं झालं.

सूड कसा घ्यायचा ते मला माहीत नव्हतं. मारामारी माझ्या हाडात नाही. पण त्याची एक खोड मला पाठ होती, आणि ती म्हणजे पुढच्या प्रोसेसरचं वेड.

त्या वर्षी वसाहतीत चार वाजताच्या चहाला दुसरा विषयच नसे. शेजारचा ओतकामवाला, पलीकडचा आंब्याच्या डबाबंद कारखान्याचा मॅनेजर, एकदोन इलेक्ट्रिकवाले, सगळे आमच्या दारात जमायचे. नवीन प्रोसेसर येणार, तो कसा असेल, किती पटीने पळेल, याच्या गप्पा क्रिकेटच्या संघनिवडीसारख्या रंगायच्या. त्यातल्या निम्म्यांनी मशीनला कधी हात लावला नव्हता. ओतकामवाला रोज विचारायचा, "काय साहेब, आला काय तुमचा नवा प्रोसेसर? की शिमग्याच्या गाडीला जागा मिळाली नाही?" त्यावर आमचा मालक चिडायचा आणि मग अर्धा तास भाषण द्यायचा.

भाषणाचा माल माझा असायचा. मुंबईच्या फुटपाथवरून परदेशी मासिकांचे तीनचार महिने जुने अंक एसटीच्या पार्सलने यायचे. ते वाचायचा कंटाळा त्याला होता. मी वाचायचो, सकाळी त्याला सारांश सांगायचो, आणि चारला तोच सारांश त्याच्या तोंडून ऐकायचो.

दहा नकाशे वेळेत काढायला जुनं मशीन पुरणार नव्हतं, आणि त्याला तेव्हा दोन रस्ते होते. एक, मुंबईच्या विक्रेत्याकडे तयार असलेलं थ्री-एट्टी-सिक्स मशीन लगेच घेणं. त्यावर चौसष्ट के, म्हणजे किलोबाइट, जादा कॅशे मेमरी होती. आम्ही कॅशे म्हणायचो. खरा उच्चार काय ते सांगणारं रत्नागिरीत कुणी नव्हतं. दुसरा रस्ता म्हणजे थांबणं. पुढच्या प्रोसेसरमध्ये आठ के कॅशे त्याच्या पोटातच असणार आणि गणिताची चिपही आतच असणार, अशी बोलवा होती. हे पोटातलं प्रकरण त्याला फार आवडलं होतं.

त्याने मला विचारलं, जादा कॅशेने असा किती फरक पडतो?

उत्तर मला माहीत होतं. ते मी वडिलांना एकदा सांगितलंही होतं, आणि त्यांना चटकन कळलं होतं. म्हटलं, बाबा, तुमची अवजारांची पेटी मांडवात असते. दर वेळी उठून पेटीपर्यंत गेलात तर दिवसाला दोन फळ्या होतील. म्हणून पेन्सिल कानावर ठेवता, पटाशी गुडघ्यापाशी. प्रोसेसरचं तसंच. मेमरी म्हणजे मांडवातली पेटी, कॅशे म्हणजे कानावरची पेन्सिल. वडील म्हणाले होते, मग कान मोठा पायजे.

आमच्या कामाला तेच लागू होतं. होडीच्या मापांचा सगळा तक्ता पन्नास केच्या आत बसत होता. प्रोग्रॅम तोच तक्ता हजारो वेळा उलटापालटा वाचायचा. चौसष्ट केमध्ये तो आख्खा मावला असता. जुन्या मशीनवर एका लाँचला, फेरफार धरून, दीड महिना जात होता. त्या मशीनवर दोनतीन दिवसांत झाली असती. दहा नकाशे वैशाखातच हातावेगळे.

मी त्याला म्हणालो, "जादा कॅशे बँकांना लागते. आपल्याला काय उपयोग? नवा प्रोसेसर येतोय, त्याच्यासाठी थांब. पावसाआधी मुंबईत मिळेल."

हे शेवटचं वाक्य मी मासिकात वाचलेलं नव्हतं. उलट लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट छापलं होतं की सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात तो वर्षअखेरीआधी पडणं कठीण, आणि पहिल्या खेपेच्या मालात दोषही निघू शकतात. ते पान मी फाडलं नाही. फाडायची गरजच नव्हती, तो वाचणार नव्हता.

तरी त्याचं मन होईना. विक्रेत्याचे फोन येत होते, मशीन अडकवून ठेवलंय, लवकर काय ते सांगा. शेवटी तो म्हणाला, शिमग्याला गावी जातोच आहे, देवाला कौल लावतो.

पोरं आता हसतील. पण त्याच्या गावात विहीर खणण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळं कौलावर ठरायचं, आणि मिळालेला कौल मोडला असं एक उदाहरण कुणाच्या स्मरणात नव्हतं. मशीन पळतं विजेवर आणि वीज येते कोयनेहून, एवढं कळणारा तो, पण मशीन कुठलं घ्यायचं हे ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. मला तो सोबत घेऊन गेला.

पालखी देवळात परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाभाऱ्यापुढे बसलो. गुरव म्हातारे, अंगाने काटकुळे. प्रोसेसर म्हणजे काय हे त्यांना कळेना. कौल लावायचा तर प्रश्न आधी त्यांना नीट उमगायला हवा. तो मला म्हणाला, "तू सांग त्यांना. मी सांगायला गेलो की इंग्रजी येतं." आणि गुरवांकडे वळून म्हणाला, "हा प्रामाणिक आहे, नीट सांगेल."

प्रामाणिक हा शब्द त्याने दुसऱ्यांदा वापरला. पहिल्यांदा वापरला तेव्हा वडील मागच्या बाकावर बसले होते.

मी गुरवांना म्हणालो, काका, दोन यंत्रं आहेत. एक आज दुकानात आहे. दुसरं यायचंय, त्याची अक्कल त्याच्या पोटात आहे. साहेबांच्या कामाला दोघांत सरस कुठलं, एवढंच विचारा.

गुरवांनी माझ्याकडे बघितलं. "दुसरं येनार ना पन नक्की? कवा येनार?"

"पावसाआधी."

"देवाला पुसायच्या आधी आपल्याला ठाऊक पायजे. मागाहून देवावर ढकलायचं नाय."

"येणार, काका."

त्यांनी दोन कळ्या पाण्यात भिजवल्या, देवाच्या दोन खांद्यांना चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, तुझ्या लेकराच्या दारात एक यंत्र उभं आहे आणि एक वाटेवर आहे. वाटेवरचं सरस असेल तर उजवा दे, दारातलं सरस असेल तर डावा दे. आम्ही मागे बसून होय महाराजा म्हटलं. मीही म्हटलं.

उजवी कळी पडली. लगेच पडली, वाट बघायलाही लावलं नाही. तो माझ्याकडे वळून लहान मुलासारखा हसला.

देव खोटं बोलला नव्हता. यायचा होता तो प्रोसेसर खरोखरच सरस होता, पुढे साऱ्या जगाने मान्य केलं. वेळेत मिळेल का, हे देवाला कुणी विचारलंच नव्हतं. ते माझ्यापर्यंत येऊन थांबलं होतं.

परतल्यावर त्याने विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. ते मशीन आठवड्याभरात दुसरीकडे गेलं. चैत्र गेला, वैशाख गेला. चहाच्या वेळच्या गप्पांना नवा जोर चढला. परदेशात प्रोसेसर जाहीर झाला ही बातमी आली तेव्हा त्याने वसाहतीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. त्या पेढ्याची चव मी खोटी सांगणार नाही, फार गोड लागला.

मग पाऊस लागला. मुंबईहून उत्तर तेच: अजून नाही, पुढच्या महिन्यात बघू. जुनं मशीन रोज सकाळी दहाला गणित धरायचं ते संध्याकाळी पाचलाही सोडायचं नाही, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तो पडद्यापुढे बसून राहायचा. दाढी वाढली होती. मी शेजारी बसून फ्लॉप्या वाळवत होतो. दिलेलं काम मी चोख करत होतो.

आषाढातल्या एका दुपारी पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की त्याला मोठ्याने बोलावं लागलं. बाकी कुणी नव्हतं.

"खरं सांग," तो म्हणाला. "त्या कॅशेने आपलं काम झालं असतं काय रे?"

त्या क्षणी हो म्हटलं असतं तर अजून वेळ होता. कुठूनतरी तसलं मशीन महिनाभरासाठी भाड्याने आणता आलं असतं. कौलही नव्याने लावता आला असता. नवी गोष्ट कळली की पुन्हा पुसायची मुभा असते, हे गुरवांनीच सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच काहीतरी खरोखर विचारत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

नारळी पौर्णिमेआधी सोसायटीची माणसं आली तेव्हा तीन नकाशे तयार होते. चौथा अर्धा. तो खूप बोलला. येणाऱ्या प्रोसेसरबद्दल, पोटातल्या कॅशेबद्दल, दिवाळीपर्यंत मुदत द्या म्हणून. चेअरमननी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मासळी काय तुमच्या प्रोसेसरसाठी थांबत नाही." काम दुसऱ्या राज्यातल्या एका पार्टीकडे गेलं. त्यांच्याकडे फायबरच्या लाँचचे नकाशे तयारच होते.

त्याचा चेहरा पडला तो मी पोटभर बघितला. कितीतरी दिवस मी तो चेहरा एकटा असताना पुन्हा पुन्हा आठवायचो. पुढच्या वर्षी केंद्र बंद झालं. तो मुंबईला कुणाच्यातरी ऑफिसात लागला. गावात मात्र सांगून गेला की कौल खोटा दिला, गुरवाचा हात फिरला. म्हाताऱ्याकडे कौल लावायला लोक कमी येऊ लागले. एकदा आठवडा बाजारात त्यांनी मला गाठलं. भाजीची पिशवी खाली ठेवून अगदी हळू विचारलं, "तुमी सांगितलंत तसाच म्या पुसला ना?"

"होय काका," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

त्या लाँच आल्या तेव्हा मला कळलं की मी काय केलं. फायबरच्या, पांढऱ्या, एका साच्यातून काढलेल्या. पूर्णगडच्या खाडीत दोन आल्या. वडील काठावर उभे राहून त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बघत राहिले. वर्षभर ते मला विचारत होते, आपली होडी कधी रे पडनार पाण्यात? त्यांना वाटत होतं की मशीनमधून निघणारी होडी त्यांचीच असणार. पडद्यावर नाव कुणाचं होतं ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं असतं असं आता वाटत नाही. अपमान त्यांचा झाला, असं मी धरून चाललो होतो. त्यांना मी कधी विचारलं नाही. त्या फायबरच्या लाँचनंतर लाकडी होडी बांधून घ्यायला त्यांच्याकडे कुणी आलं नाही. जुन्यांची डागडुजी तेवढी राहिली.

पाचसहा वर्षांनी एका कचेरीतून मोडीत निघालेलं थ्री-एट्टी-सिक्स माझ्या हाती आलं. तेच, चौसष्ट के कॅशेचं. तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. पूर्णगडच्या घरी ओटीवर ते जोडलं, केंद्र बंद होताना बल्बच्या कपाटातून उचलून आणलेली फ्लॉपी घातली आणि प्रोग्रॅम सुरू केला. वडील शेजारी स्टुलावर बसले. आईने चहा आणून ठेवला. पूर्वी जे गणित सकाळी धरून संध्याकाळी सुटत नव्हतं, ते चहावर साय धरायच्या आत सुटलं. पडद्यावर होडी उभी राहिली, कण्यापासून काठापर्यंत.

वडील पुढे वाकले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी काचेवर मधल्या बरगडीपाशी टेकवली.

"बोट घातलंस नाय अजून," ते म्हणाले.

मी तो आकडा बदलला. आकृती पुसली गेली आणि क्षणभरात पुन्हा आली. त्यांनी मान हलवली. मग मशीनकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाले, "येवढ्या लवकर होतंय? मग तवा का नाय केलास?"

"तेव्हा हे मशीन नव्हतं, बाबा."

ते हूं म्हणाले आणि चहा प्यायले. त्यांना पटलं असावं. मी मशीन बंद केलं, पुन्हा लावलं नाही.

आता कबूलच करायचं तर हेही करतो. त्या माणसाचा पडलेला चेहरा आजही आठवला की मला बरं वाटतं. त्याची दया येत नाही, यायला हवी असंही वाटत नाही. फक्त तो चेहरा हल्ली एकटा येत नाही. त्याच्यामागे बाकावर इस्त्रीच्या सदऱ्यातले वडील असतात, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत, आणि त्यांची होडी पाण्यात कधी पडली नाही.